जॉन कोल्ट्रेन यांचा प्रभाव : तो नेमका कुठे ऐकावा?

१. प्रास्ताविक

'अमुक कलावंताचा पुढच्या पिढ्यांवर मोठा प्रभाव पडला' हे वाक्य कला-समीक्षेच्या पुस्तकांत तुम्ही वारंवार वाचले असेल. परीक्षेतही ते लिहिले असेल. पण 'प्रभाव' म्हणजे काय, हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. एकाने दुसऱ्याची नक्कल केली तर तो प्रभाव म्हणायचा का? एकाने शोधलेले तंत्र दुसऱ्याने वापरले, तर? आणि एखाद्याने काम करण्याची रीतच बदलून टाकली, पण पुढच्यांच्या कामात त्याच्यासारखे काहीच ऐकू येत नसेल, तर?

या पाठात आपण हा प्रश्न एका उदाहरणाच्या आधारे तपासणार आहोत. उदाहरण आहे अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक आणि संगीतकार जॉन कोल्ट्रेन यांचे. ते निवडण्याचे एक कारण असे की भारतीय विद्यार्थ्यांसाठी त्यात एक खास सापळा आहे. कोल्ट्रेन यांनी 'इंडिया' नावाची रचना केली, 'ओम' नावाची ध्वनिमुद्रिका केली, पंडित रविशंकर यांच्याकडून भारतीय संगीत समजून घेतले आणि आपल्या मुलाचे नाव रवि ठेवले. हे कळले की आपल्याला आनंद होतो आणि आपण म्हणतो, 'हे तर आपलेच!' तसे म्हटल्याक्षणी आपले ऐकणे थांबते. या पाठाचे म्हणणे थोडक्यात असे : कोल्ट्रेन यांच्यावरचा आणि कोल्ट्रेन यांचा, असे दोन्ही प्रभाव रचनांच्या नावांत शोधू नयेत, ते कामाच्या रीतीत शोधावेत.

२. जीवनक्रम थोडक्यात

जॉन विल्यम कोल्ट्रेन यांचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हॅम्लेट या गावी झाला. बालपण त्याच राज्यातील हाय पॉइंट येथे गेले. त्यांचे दोन्ही आजोबा कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे. १९४३ मध्ये ते फिलाडेल्फियाला आले, नंतर काही काळ नौदलात होते. १९५५ मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनी त्यांना आपल्या संचात घेतले. हेरॉइनच्या व्यसनामुळे १९५७ मध्ये डेव्हिस यांनी त्यांना काढून टाकले. त्याच वर्षी कोल्ट्रेन व्यसनातून बाहेर पडले आणि पियानोवादक थेलोनियस मंक यांच्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये वाजवू लागले. १९५८ मध्ये ते डेव्हिस यांच्याकडे परतले, १९६० मध्ये त्यांनी स्वतःचा संच उभा केला आणि १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय होते ४०.

म्हणजे स्वतःच्या संचाचे प्रमुख म्हणून त्यांना जेमतेम सात वर्षे मिळाली. इतक्या थोड्या काळात त्यांनी आपली शैली किमान तीन वेळा मुळापासून बदलली. त्यांचा प्रभाव समजण्याची किल्ली याच वस्तुस्थितीत आहे.

३. पहिला टप्पा : कॉर्डची दाटी

भारतीय संगीतात षड्ज एकदा ठरला की संपूर्ण मैफल त्याच षड्जावर चालते. जॅझमध्ये तसे नाही. तेथे अनेक स्वर एकाच वेळी वाजवून जो स्वरसमूह तयार होतो त्याला कॉर्ड म्हणतात. गाण्याच्या चालीखाली असे कॉर्ड ठरावीक क्रमाने बदलत राहतात. वादक उपज करतो ती या बदलत्या कॉर्डना अनुसरून. कॉर्ड बदलले की कोणते स्वर 'घरचे' आणि कोणते 'पाहुणे', हेही बदलते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कोल्ट्रेन प्रत्येक कॉर्डमधून जेवढे काही निघू शकते तेवढे सगळे काढण्याचा प्रयत्न करत होते. स्वर इतके जलद आणि दाट येत की समीक्षक आयरा गिटलर यांनी १९५८ मध्ये त्यासाठी 'शीट्स ऑफ साउंड' असा शब्दप्रयोग केला. एकेक स्वर सुटा ऐकू येण्याऐवजी नादाचे अखंड पट उलगडत जातात, असा त्याचा भाव.

या टप्प्याचे टोक म्हणजे मे १९५९ मध्ये मुद्रित झालेली 'जाएंट स्टेप्स' ही रचना. तिचे गणित सरगमच्या भाषेत समजून घेऊ. समजा एक षड्ज आहे. त्याचा शुद्ध गंधार हा दुसरा षड्ज माना आणि कोमल धैवत हा तिसरा षड्ज माना. या तीन बिंदूंनी सप्तकाचे तीन समान भाग होतात. 'जाएंट स्टेप्स' या तीन 'षड्जां'मध्ये सतत फिरत राहते, तीही अतिशय जलद लयीत. सोळा बारच्या (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) आवर्तनात २६ कॉर्ड येतात. एका षड्जावर पाय टेकतो न टेकतो तोच दुसरा समोर येतो. मूळ मुद्रणात पियानोवर टॉमी फ्लॅनगन हे अनुभवी वादक आहेत. त्यांचा एकल भाग ऐका : सुरुवात वाहती आहे, पण हळूहळू वाक्ये तुटू लागतात आणि शेवटी ते नुसते कॉर्ड वाजवू लागतात. त्यांच्या कौशल्यात काही उणे नव्हते. तो मार्ग त्यांच्यासाठी अनोळखी होता, तर कोल्ट्रेन यांनी त्यावर आधी पुष्कळ रियाज केलेला होता.

या रचनेचा प्रभाव मोजायला सोपा आहे. आज जगभरातील जॅझ-शिक्षणात 'जाएंट स्टेप्स' ही एक कसोटी मानली जाते. विद्यार्थी ती बाराही षड्जांवरून घोटतात. तिच्या कॉर्डरचनेला 'कोल्ट्रेन चेंजेस' असे नावच पडले आहे. हा प्रभाव म्हणजे हाती आलेले एक साधन आहे. तो खरा आहे, उपयुक्त आहे, पण तो सर्वांत खोलवरचा नाही. कारण ज्यांनी हे साधन घडवले त्यांनी ते लवकरच बाजूला ठेवले.

४. दुसरा टप्पा : एका स्वराधारावर

'जाएंट स्टेप्स'च्या दोन महिने आधी, मार्च १९५९ मध्ये, कोल्ट्रेन माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेवर वाजवत होते. त्यातील 'सो व्हॉट' या रचनेत कॉर्डची दाटी जवळजवळ नाही. सोळा बार एकच स्वरमालिका, मग आठ बार तीच मालिका अर्धा स्वर वर, मग पुन्हा आठ बार खाली. ही मालिका म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर : गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. मात्र थाट सारखा म्हणून राग सारखा होत नाही. काफी रागाचे चलन, न्यासाचे स्वर, पकड यांपैकी तेथे काहीही नाही.

ऑक्टोबर १९६० मध्ये कोल्ट्रेन यांनी 'माय फेव्हरिट थिंग्ज' मुद्रित केले. मूळ गाणे १९५९ च्या 'द साउंड ऑफ म्युझिक' या संगीत-नाटकातले, लोकप्रिय आणि साधे. त्यांनी ते टेनर सॅक्सोफोनऐवजी सोप्रानो सॅक्सोफोनवर घेतले. त्याचा आवाज अधिक तार, काहीसा अनुनासिक आणि शहनाईच्या जवळ जाणारा. गाण्यातील कॉर्ड पुढे सरकत राहण्याऐवजी मॅककॉय टायनर पियानोवर एक छोटी आकृती पुन्हापुन्हा वाजवत राहतात आणि त्यावर तीन मात्रांच्या झुलत्या लयीत सॅक्सोफोन तेरा मिनिटांहून अधिक काळ फिरतो.

दोन रचनांमधील अंतर पाहा. फक्त सतरा महिने. एकीत सोळा बारमध्ये २६ कॉर्ड, दुसरीत मिनिटामागून मिनिट एकच आधार. एखाद्याने आयुष्यभर पुरेल असा मार्ग शोधावा आणि तो पूर्ण चालून झाल्यावर उलट दिशेने निघावे, असे हे आहे. माझ्या मते कोल्ट्रेन यांचा खरा वारसा इथे सुरू होतो. एखादा सांगीतिक प्रश्न हाती घ्यायचा, रियाजाने तो शेवटापर्यंत न्यायचा आणि उत्तर मिळाले की त्या उत्तरावर जगत न बसता पुढचा प्रश्न घ्यायचा, ही ती रीत.

त्या काळी हे सर्वांना रुचले नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये 'डाऊन बीट' या नियतकालिकात जॉन टायनन यांनी कोल्ट्रेन आणि त्यांचे सहकारी एरिक डॉल्फी यांच्या वादनाला 'जॅझविरोधी' ठरवले. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात दोघांनी टीकेला शांतपणे उत्तर दिले. ज्याला एका पिढीने जॅझविरोधी म्हटले त्यालाच पुढच्या पिढीने जॅझचा गाभा मानले, हे समीक्षेच्या विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवावे.

५. 'इंडिया'मध्ये भारत किती?

आता सापळ्याकडे येऊ. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या क्लबमध्ये कोल्ट्रेन यांनी 'इंडिया' ही रचना वाजवली. ती १९६३ मध्ये 'इम्प्रेशन्स' या ध्वनिमुद्रिकेत प्रसिद्ध झाली. ती ऐकताना तुम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : यात भारतीय संगीतातून काय घेतले आहे? सतत वाजणारा आधारस्वर घेतला आहे. तो राखायला तंबोऱ्याऐवजी दोन बास आहेत. खमाज थाटाच्या जवळची एकच स्वरमालिका आणि घाई न करता दीर्घ काळ तीच उलगडण्याची वृत्तीही घेतली आहे.

दुसरा प्रश्न : काय घेतलेले नाही? रागाचे व्याकरण नाही. कोणता स्वर कुठून घ्यायचा, कुठे थांबायचे, काय वर्ज्य, याचे बंधन नाही. तालाचे आवर्तन आणि समेवर येणे नाही. एल्विन जोन्स यांचे ड्रमवादन अनेक लयी एकमेकींवर रचते. त्याचे मूळ जॅझमध्ये आणि त्यामागच्या आफ्रिकी वारशात आहे, तबला किंवा मृदंगम्‌मध्ये नाही. डॉल्फी यांच्या बास क्लॅरिनेटच्या मोठ्या उड्या आणि किंकाळ्या तर कोणत्याही घराण्यात सापडणार नाहीत.

दोन्ही उत्तरे मांडली की चित्र स्पष्ट होते. कोल्ट्रेन यांनी भारतीय संगीत 'वाजवले' नाही. एकाच स्वराधारावर किती वेळ आणि किती खोल जाता येते, हा त्यांचा स्वतःचा प्रश्न होता आणि त्या प्रश्नावर आधी काम केलेल्या परंपरांकडे ते वळले. आफ्रिकेकडेही ते याच प्रश्नासाठी वळले. १९६१ च्या 'आफ्रिका/ब्रास'मधील 'आफ्रिका' ही रचना सुमारे सोळा मिनिटे मुख्यत्वे एकाच स्वरावर उभी आहे.

रविशंकर यांच्या आठवणीही याला दुजोरा देतात. कोल्ट्रेन यांच्या नम्रतेबद्दल आणि जिज्ञासेबद्दल त्यांना आदर होता, पण त्यांच्या संगीतातील अस्वस्थता आपल्याला बुचकळ्यात टाकते, असे त्यांनी सांगितले होते. ही अस्वस्थता शिकण्यात राहिलेली उणीव नव्हती. ती कोल्ट्रेन यांच्या संगीताचा कणा होती. गुरूला ती खटकली आणि शिष्याने ती सोडली नाही, यातच दोन परंपरांचा खरा संवाद दिसतो.

याउलट ऑक्टोबर १९६५ मध्ये मुद्रित झालेली 'ओम' पाहा. नाव भारतीय, सुरुवातीला सामूहिक पठण, आणि मग अर्धा तास सामूहिक कल्लोळ. येथे भारताचा उल्लेख सर्वांत ठळक आहे आणि सांगीतिक आत्मसातीकरण मात्र सर्वांत कमी. पठण आणि वादन शेजारी ठेवले आहेत, एकमेकांत उतरलेले नाहीत. नाव पाहून या ध्वनिमुद्रिकेला वरचे स्थान देणे म्हणजे समीक्षा सोडून अभिमान बाळगणे होय.

६. 'अ लव्ह सुप्रीम' : साधना आणि रचना

९ डिसेंबर १९६४ रोजी टायनर, बासवादक जिमी गॅरिसन आणि जोन्स यांच्यासह कोल्ट्रेन यांनी 'अ लव्ह सुप्रीम' मुद्रित केली. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५७ मधील व्यसनमुक्ती आणि आध्यात्मिक जागृती यांबद्दल ईश्वराचे आभार मानणारी ही चार भागांची रचना आहे : 'ॲक्नॉलेजमेंट', 'रिझोल्यूशन', 'पर्स्युअन्स' आणि 'साम'. शेवटच्या नावाचा अर्थ स्तोत्र. सामवेदाशी त्याचा काही संबंध नाही. उच्चाराच्या साम्यावरून नाते जोडण्याचा मोह इथेही टाळा.

पहिल्या भागात बासवर चार स्वरांची एक आकृती येते. सरगममध्ये सांगायचे तर सा, कोमल ग, सा, म. बस्स एवढेच. कोल्ट्रेन यांचा एकल भाग याच आकृतीच्या भोवती वाढतो आणि शेवटाकडे ते ती आकृती बाराही षड्जांवरून वाजवतात. मगच तेच चार स्वर शब्दांसह कंठातून उच्चारले जातात. क्रम लक्षात घ्या. आधी ती गोष्ट सगळीकडे आढळते, मग तिचे नाव घेतले जाते. तत्त्वज्ञानाचे वाक्य न सांगता केवळ स्वरांच्या क्रमातून 'सर्वत्र' ही कल्पना पोहोचवणे, याला मी रचनाकौशल्य म्हणतो. पहिल्या टप्प्यातील बारा षड्जांचा रियाज आणि दुसऱ्या टप्प्यातील एका आकृतीवरचे चिंतन, दोन्ही येथे एकत्र येतात.

चौथ्या भागात ठरावीक लयच नाही. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर कोल्ट्रेन यांची एक प्रार्थना-कविता छापलेली आहे. सॅक्सोफोन तीच कविता अक्षराला स्वर या हिशेबाने 'म्हणतो', हे संगीत-अभ्यासक ल्युइस पोर्टर यांनी सविस्तर दाखवले आहे. कविता समोर ठेवून ऐकल्यास तुम्हालाही हे पडताळता येईल. ओवी, गुरबानी, वचन किंवा सोझ ऐकत वाढलेल्या भारतीय कानाला हे ओळखीचे वाटेल. पण हे साम्य आहे, मूळ नव्हे. मूळ आहे ते कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील उपदेशकाच्या लयबद्ध, चढत जाणाऱ्या आवाजात. दोन आजोबा उपदेशक होते, हे आठवा.

७. ज्यांचे दुःख त्यांचे संगीत

आपल्याकडे कोल्ट्रेन यांचे वर्णन 'आध्यात्मिक' या एका शब्दात आटोपले जाते. शब्द चुकीचा नाही, अपुरा आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात वंशद्वेष्ट्यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बाँबस्फोट घडवला. त्यात चार मुली मृत्युमुखी पडल्या. दोन महिन्यांनी, नोव्हेंबर १९६३ मध्ये, कोल्ट्रेन यांनी 'अलाबामा' ही रचना मुद्रित केली. ती जेमतेम पाच मिनिटांची आहे. सुरुवातीला पियानोचे खोल, गडगडणारे स्वर, त्यावर सॅक्सोफोनची संथ, जवळजवळ बोलल्यासारखी ओळ. कुठेही वेगाचे प्रदर्शन नाही. ज्यांनी नादाचे पट उलगडले त्यांनीच येथे एकेक स्वर मोजून टाकला आहे.

'साम' आणि 'अलाबामा' लागोपाठ ऐका. दोन्हींत सॅक्सोफोन बोलतो. एकात प्रार्थना आहे, दुसऱ्यात शोक. त्या समाजात हे दोन्ही स्वर एकाच जागेतून, चर्चमधून येत होते आणि नागरी हक्कांचा लढाही त्याच जागेतून उभा राहत होता. म्हणून कोल्ट्रेन यांची आध्यात्मिकता त्यांच्या समाजाच्या इतिहासापासून तोडून तिला 'पूर्वेचा प्रभाव' म्हणणे हा अन्याय आहे. आपली कला दुसऱ्यांनी संदर्भ काढून घेऊन मिरवली की आपल्याला राग येतो. तोच न्याय आपण इतरांच्या कलेला लावायला हवा.

८. प्रभावाचे तीन स्तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. कोल्ट्रेन यांच्या प्रभावाचे तीन स्तर करता येतात.

*नक्कल.* १९६० नंतर अनेक दशके टेनर सॅक्सोफोन हाती घेणारे असंख्य तरुण कोल्ट्रेन यांच्यासारखा आवाज काढण्याच्या मागे लागले. तोच कठीण, सरळ, दाबयुक्त स्वर, तेच लांबच लांब एकल वादन. पण कोल्ट्रेन यांचे वीस मिनिटांचे वादन एका शोधाची गरज होती. इतरांच्या हाती ती अनेकदा सवय झाली. हा त्यांच्या प्रभावाचा कमकुवत, कधीकधी हानिकारक भाग आहे, आणि तो मान्य केल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

*साधन.* 'कोल्ट्रेन चेंजेस'चा उल्लेख वर आलाच आहे. याच स्तरावर जॅझबाहेरची उदाहरणेही येतात. 'द बर्ड्स' या रॉक संचाच्या १९६६ च्या 'एट माइल्स हाय' या गाण्यातील गिटारची सुरुवात 'इंडिया'वरून सुचली होती. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी कोल्ट्रेन यांना प्रत्यक्ष अनेकदा ऐकले होते. एका स्वराधारावर दीर्घ रचना उभी राहू शकते, याचा पुरावा त्यांना 'आफ्रिका'सारख्या रचनांत मिळाला. राइश यांच्या संगीतात सॅक्सोफोनचा आक्रोश नाही, कॉर्डची कसरत नाही, उपजही जवळजवळ नाही, तरी ऋण स्पष्ट आहे.

*रीत.* हा सर्वांत खोल स्तर. येथे साम्य कानाला ऐकू येत नाही, कामाच्या पद्धतीत दिसते. पत्नी ॲलिस कोल्ट्रेन यांनी हार्प आणि पियानो घेऊन पूर्णतः वेगळे, अधिक तरल संगीत केले आणि पुढे कॅलिफोर्नियात आश्रम चालवून भजनेही रचली. त्यांच्या संगीतात भारत अधिक थेट आहे, पण तो त्यांचा स्वतःचा प्रवास आहे. इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी १९७३ मध्ये कार्लोस सांताना यांच्याबरोबर 'अ लव्ह सुप्रीम'ची आवृत्ती वाजवली. ही झाली वंदना. त्यांनी घेतलेला खरा वारसा मात्र त्यानंतर दिसतो. एल. शंकर, झाकिर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' संच उभारताना त्यांनी रागांची आणि तालांची शिस्त स्वतः शिकून घेतली. कोल्ट्रेन ज्या दारापर्यंत आले होते त्यातून आत जायला वेगळी तयारी लागते, हे त्यांनी ओळखले.

येथे एक प्रतिउदाहरणही पाहिले पाहिजे. कर्नाटकातील कद्री गोपालनाथ यांनी आल्टो सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवले. वडील नागस्वरवादक, प्रेरणा म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडची, आणि प्रश्न हा की पाश्चात्त्य वाद्यातून गमक कसे काढायचे. त्यासाठी त्यांनी वाद्यातही बदल केले. त्यांचा मार्ग कोल्ट्रेन यांच्याकडून आलेला नाही. एकच वाद्य आहे म्हणून प्रभाव असतोच असे नाही. पुढे भारतीय वंशाचे अमेरिकन सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा यांनी गोपालनाथ यांच्याबरोबर २००८ मध्ये 'किन्समेन' ही ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा कोल्ट्रेन यांच्यानंतरचे जॅझ आणि कर्नाटक परंपरा समोरासमोर बसल्या. तेथे कोणीही दुसऱ्याचे नाव सजावटीसाठी वापरले नाही.

९. समारोप

२००७ मध्ये कोल्ट्रेन यांना मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांना संत मानणारे एक चर्चही आहे. हे सारे आदराचे पुरावे आहेत, प्रभावाचे नव्हेत. आदर करणारा मूर्तीसमोर थांबतो. ज्याच्यावर प्रभाव पडतो तो कामाला लागतो.

कोल्ट्रेन यांच्यासारखे वाजवणारे पुष्कळ झाले, पण कोल्ट्रेन स्वतः फार काळ कोल्ट्रेन यांच्यासारखे वाजवत राहिले नाहीत. फेब्रुवारी १९६७ मध्ये, मृत्यूपूर्वी पाच महिने, ते केवळ ड्रमवादक रशीद अली यांना घेऊन 'इंटरस्टेलर स्पेस' मुद्रित करत होते. पियानो नाही, बास नाही, आधारस्वरही नाही. पुन्हा नवा प्रश्न. म्हणून त्यांच्या प्रभावाची कसोटी एवढीच ठेवा : ऐकणाऱ्याने त्यांचा आवाज उचलला, की स्वतःच्या परंपरेतला एक प्रश्न त्यांच्यासारखा शेवटापर्यंत नेला? तुमचे क्षेत्र संगीत नसले, तुम्ही साहित्य, चित्रकला किंवा इतिहास शिकत असलात, तरी 'प्रभाव' हा शब्द लिहिण्यापूर्वी हा प्रश्न विचारून पाहा.

स्वाध्याय

१. 'जाएंट स्टेप्स' आणि 'माय फेव्हरिट थिंग्ज' लागोपाठ ऐका. प्रत्येकीत तुम्हाला 'घरचा' स्वर किती वेळ टिकलेला जाणवतो, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. 'इंडिया' ऐकून दोन रकाने करा : भारतीय संगीताशी साम्य आणि भेद. कोणता रकाना मोठा झाला? त्यावरून तुम्ही काय निष्कर्ष काढाल?

३. 'साम' आणि 'अलाबामा' यांत सॅक्सोफोनच्या 'बोलण्या'त काय फरक आहे? लय, स्वरांची लांबी आणि विराम या तीन मुद्द्यांच्या आधारे उत्तर लिहा.

४. तुमच्या भाषेतील किंवा प्रदेशातील एका कलावंताचा प्रभाव नक्कल, साधन आणि रीत या तीन स्तरांवर तपासा. तिसऱ्या स्तरावर एकही उदाहरण सापडले नाही, तर ते का, याचा विचार करा.